मोजपट्टीबाहेरचा बहिरेपणा : देवरीच्या संदर्भात श्रवणऱ्हासाच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
गोंगाटामुळे येणारा श्रवणऱ्हास वेदनारहित असतो, म्हणून तो दुर्लक्षित राहतो असे सामान्यतः सांगितले जाते. तथापि या दुर्लक्षाचे दुसरे कारण तो मोजण्याच्या निकषांतच दडलेले आहे. गोंदिया जिल्ह्यातील देवरी हे तालुक्याचे ठिकाण या दृष्टीने विचारार्ह ठरते. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग येथून जातो. परिसर धानाचा असल्याने राईस मिल ओघानेच येते. पॉलिशर व ब्लोअर यांच्या सान्निध्यात हंगामभर राबणारा मजूर कोणत्या निकषात बसतो, हा येथील मूळ प्रश्न आहे.

निकषांची चिकित्सा :
पहिला निकष आवाजाचा. भारतातील कारखाना-नियमांत 90 डेसिबलला आठ तास ही मर्यादा दीर्घकाळ मान्य राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1998 मध्ये आठ तासांसाठी 85 डेसिबल आणि पुढील प्रत्येक 3 डेसिबलला निम्मा वेळ अशी शिफारस केली. या हिशेबाने 90 डेसिबलमध्ये केवळ अडीच तास काम करणे सुरक्षित ठरते. आठ तास आणि अडीच तास यांतील अंतर मजुराच्या कानाने भरून काढावे लागते.

दुसरा निकष अपंगत्वाचा. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 नुसार दोन्ही कानांत किमान 60 डेसिबल ऱ्हास झाल्यावरच व्यक्ती 'ऐकण्यास कमी' गणली जाते. जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 चा अहवाल मात्र चांगल्या कानातील 35 डेसिबलहून अधिक ऱ्हासालाच पुनर्वसनाची गरज मानतो. या दोन आकड्यांमधील माणूस प्रमाणपत्राला, आणि म्हणून प्रमाणपत्राशी जोडलेल्या शासकीय श्रवणयंत्रालाही मुकतो.

गोंगाटाचा आघात प्रथम 4000 हर्ट्झच्या आसपास होतो. स्वर ऐकू येतात. परंतु स, श यांसारखी व्यंजने निसटतात. 'आवाज येतो, पण बोलणे कळत नाही' ही तक्रार येथूनच सुरू होते. येथे भाषेचा प्रश्नही उपस्थित होतो. देवरी परिसरात मराठीबरोबर गोंडी व छत्तीसगढीही बोलल्या जातात. केवळ मराठी शब्दसूचीने घेतलेली वाक्-श्रवणचाचणी अशा व्यक्तीचा कान मोजते की तिचे मराठी, हे सांगणे कठीण आहे.

तिसरा दोष कालक्रमाचा. गोंगाटजन्य श्रवणऱ्हास हा 1948 च्या कारखाने अधिनियमात अधिसूचित रोग होता. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेतही तो आहे. परंतु आजार नोंदवायचा तर आधीचा कान कसा होता हे माहीत हवे. ठेकेदारामार्फत हंगामापुरत्या येणाऱ्या मजुराची कामावर रुजू होतानाची श्रवणचाचणीच नसेल, तर पुढे त्याचा बहिरेपणा वयाच्या खाती जमा करणे सहज शक्य होते.

निष्कर्ष :
कर्णावर्तातील नष्ट झालेल्या केसपेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. श्रवणयंत्र आवाज वाढवते, गेलेली स्पष्टता पूर्णपणे परत देत नाही. म्हणून केवळ यंत्रवाटपाची संख्या हे यशाचे माप ठरू शकत नाही. ग्रामीण महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी ध्वनिमापकाने मिलमधील आवाजाची हंगामनिहाय नोंद ठेवावी, भाषा विभागांनी गोंडी शब्दसूची तयार करण्यास हातभार लावावा, आणि रुजू होण्याच्या दिवशी श्रवणचाचणी व्हावी. त्या पहिल्या नोंदीअभावी पुढील प्रत्येक संशोधन हानी झाल्यानंतरच सुरू होईल.