गृहशाळेतील सृष्टिकर्ता आणि धर्मकीर्तीचे वारूळ

अमेरिकेत १९८९ साली ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या नावाचे जीवशास्त्राचे एक पूरक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. पर्सिव्हल डेव्हिस व डीन केनियन हे त्याचे लेखक. १९९३ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पुस्तक आज जुने झाले आहे. परंतु त्यातील युक्तिवाद मात्र जुना झालेला नाही. शासकीय शाळेचे दार त्याला बंद झाले, तेव्हा घरी शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासिकेत तो सुखाने नांदू लागला. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती नैसर्गिक कारणांनी घडणे शक्य नाही, तिच्यामागे कोणी तरी बुद्धिमान योजक असलाच पाहिजे, हा तो युक्तिवाद. ‘इंटेलिजंट डिझाइन’ या नावाने तो ओळखला जातो; आम्ही त्याला ‘योजकवाद’ म्हणू. जगाला कर्ता आहे काय, हा प्रश्न बौद्ध तत्त्वज्ञानाने शतकानुशतके चर्चिलेला असल्यामुळे या पुस्तकाचे परीक्षण आमच्या वाचकांना अस्थानी वाटणार नाही.

प्रथम या पुस्तकाची जन्मकथा पाहू. मसुद्यांमध्ये लेखकांनी ‘निर्मिती’ हाच शब्द वापरला होता. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुइझियाना राज्याचा एक कायदा रद्द केला. उत्क्रांती शिकवायची तर निर्मितीवादही शिकवावा, असे तो कायदा सांगत होता. या निकालानंतर मसुद्यात ‘निर्मिती’च्या जागी ‘बुद्धिमान योजना’ आली आणि व्याख्या मात्र जवळजवळ शब्दशः तीच राहिली. एके ठिकाणी ‘निर्मितीवादी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द खोडून ‘योजनेचे पुरस्कर्ते’ असे घालताना जुन्या शब्दाचे पहिले अक्षर आणि शेवटची काही अक्षरे तशीच राहून गेली. न्यायालयात हा जोडशब्द पुढे आला, तेव्हा वेगळ्या पुराव्याची फारशी गरज उरली नाही. उत्क्रांतीचे अभ्यासक मधल्या अवस्थांचे अवशेष शोधतात. या पुस्तकाने स्वतःच्या उत्क्रांतीचा असा अवशेष आयताच मागे ठेवला होता.

हे न्यायालय पेनसिल्व्हेनिया राज्यातील. डोव्हर गावच्या शालेय मंडळाने २००४ साली, उत्क्रांतिवादात उणिवा आहेत आणि जिज्ञासूंनी ‘पांडाज’ पाहावे, अशा आशयाचे निवेदन नववीच्या वर्गात वाचण्याचा ठराव केला. विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला. अकरा पालक न्यायालयात गेले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला: योजकवाद हे विज्ञान नव्हे आणि निर्मितीवादाच्या धार्मिक मुळापासून तो वेगळा करता येत नाही. उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धावान कॅथलिक आहेत, हे येथे मुद्दाम नोंदवतो. हा झगडा ख्रिस्ती विरुद्ध निरीश्वरवादी असा नव्हता. आपल्याकडे तो तसा रंगवून सांगितला जातो, ते बरोबर नाही.

आता युक्तिवादाकडे वळू. इंग्रज धर्मोपदेशक विल्यम पेली याने १८०२ साली घड्याळाचा दृष्टांत दिला: माळरानावर घड्याळ सापडले तर घड्याळजी मानावाच लागतो, तसाच सृष्टीचा कर्ता मानावा लागतो. ‘पांडाज’मध्ये घड्याळाच्या जागी पेशी, प्रथिने आणि रक्त गोठण्याची क्रिया आली आहे. अनुमान तेच. आणि ते पेलीच्याही फार पूर्वीचे आहे. आपल्याकडील नैयायिकांनी हेच म्हटले होते: पर्वत, शरीर इत्यादींमध्ये अवयवांचा विशिष्ट सन्निवेश, म्हणजे मांडणी, दिसते, जेथे सन्निवेश तेथे बुद्धिमान कर्ता, म्हणून ईश्वर आहे.

सातव्या शतकात आचार्य धर्मकीर्तींनी ‘प्रमाणवार्तिका’त यास उत्तर दिले. या ग्रंथाच्या मूळ संस्कृत पोथ्या राहुल सांकृत्यायनांनी तिबेटात शोधून काढल्या, हे ऋण विसरण्याजोगे नाही. धर्मकीर्तींचा मुद्दा असा की घर किंवा घट पाहून कर्त्याचे अनुमान आपण करतो, कारण तशा वस्तू माणसाच्या हातून घडताना आपण पाहिलेल्या असतात. ‘सन्निवेश’ हा शब्द दोन्हीकडे लागू पडतो, एवढ्याने तोच संबंध सिद्ध होत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान होते. पण धुरासारखी पांढुरकी दिसणारी कोणतीही वस्तू पाहून अग्नीचे अनुमान करणारा फसतो. घट मातीचा विकार आहे आणि तो कुंभार घडवतो. वारूळही मातीचाच विकार आहे, म्हणून तेही कुंभारानेच घडवले असे म्हणावे लागेल! ‘पांडाज’चे लेखक मानवनिर्मित वस्तूंची उदाहरणे देऊन एकदम पेशीवर उडी घेतात, तेव्हा ते वारुळाजवळ कुंभार शोधत असतात. पेशी घडवणारा योजक कोणी, कोठे, कोणत्या रीतीने काम करताना पाहिला, याविषयी पुस्तक मौन पाळते. तो कोण, हेही सांगत नाही. कारण नाव घेतले की न्यायालय आडवे येते.

या दृष्टीने आम्हाला बॉब जोन्स युनिव्हर्सिटी प्रेसचे ‘बायॉलॉजी फॉर ख्रिश्चन स्कूल्स’ हे पुस्तक अधिक प्रामाणिक वाटते. देववचन आधी व विज्ञान नंतर, आणि दोहोंत विरोध आला तर कितीही तथ्ये पाठीशी दिसली तरी विज्ञानाचा निष्कर्षच चुकीचा, हा आपला क्रम ते प्रारंभीच उघड करते. ते विज्ञान नव्हे हे खरे, परंतु वाचणाऱ्या मुलाला आपण कोठे उभे आहोत हे तरी कळते. ‘पांडाज’ ते कळू देत नाही.

तथ्यांच्या बाबतीतही ‘पांडाज’ फार लवकर उघडे पडले. भूचर सस्तन प्राणी आणि देवमासा यांच्या मधल्या अवस्था सापडत नाहीत, यावर त्याचा भर होता. दुसरी आवृत्ती निघाल्यानंतर वर्षभरातच, १९९४ साली, पाकिस्तानातील खडकांतून मिळालेल्या, चालणाऱ्या आणि पोहणाऱ्या ‘अँब्युलोसेटस’चे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे २००७ साली जम्मूतील कालाकोट भागातील ‘इंडोह्यस’चा अभ्यास जाहीर झाला. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी अनेक वर्षांपूर्वी जमवून ठेवलेल्या खडकांत हा लहानसा खुरांचा प्राणी दडलेला होता. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशाच्या जातकुळीची निघाली. रक्त गोठण्याच्या साखळीतील एकही दुवा काढला तर ती कोसळते, असे सांगितले जाते; देवमासे व डॉल्फिन यांच्यात त्यातील बारावा घटक नसतो आणि तरी त्यांचे रक्त गोठते.

शासकीय शाळेत अशा चुका शिक्षक दाखवू शकतो, पालक न्यायालयात जाऊ शकतो. घरात काय? अमेरिकेच्या शासकीय आकडेवारीनुसार घरी शिकणारी मुले १९९९ साली सुमारे साडेआठ लाख होती, २०१६ साली सुमारे सतरा लाख. ही सारी धार्मिक कारणानेच घरी शिकतात असे नाही. मात्र डोव्हरचा निकाल शासनाला बांधतो, आईबापांना नाही. हिशोब पुढे कधी तरी होतो, तो मुलाच्या माथी. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अशा पुस्तकांवर आधारलेला जीवशास्त्राचा अभ्यासक्रम प्रवेशासाठी ग्राह्य धरण्यास नकार दिला, तेव्हा ख्रिस्ती शाळांची संघटना न्यायालयात गेली आणि २०१० साली अपिलातही हरली.

तरीही आईबापांनी शिकवूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसवले गेले त्यांच्या वारसांनी सरकारी शाळेची भलावण डोळे मिटून करू नये. सुभेदार रामजींनी भीमरावांकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरीच पाठ करून घेतली होती. घरातले शिक्षण मुलाला बाहेरच्या जगातील प्रत्येक प्रश्नासाठी तयार करते की प्रश्नच बाहेर ठेवते, एवढेच पाहायचे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्याआधी चार वर्षे तेथेच जॉन ड्यूई यांनी डार्विनच्या तत्त्वज्ञानावरील प्रभावाविषयी व्याख्यान दिले होते आणि आदिकारण व अंतिम हेतू शोधण्यापेक्षा प्रत्यक्ष परिस्थिती कशी घडते व कशी सुधारता येते हे शोधावे, असे प्रतिपादन केले होते. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नाही, असे स्वतंत्र प्रकरण घालणाऱ्या लेखकाने या गुरूकडे काय ऐकले असेल, याचा विचार अभ्यासकांनी करावा.

अमेरिकेकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री औरंगाबादेत येऊन डार्विन चुकीचा असल्याचे सांगून गेले. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. यावर आमच्या व्यासपीठांवरून टीका झाली, ती योग्यच होती.

पण त्याच व्यासपीठांवरून आणखीही एक वाक्य ऐकू येते: उत्क्रांती बुद्धांनी ‘अग्गञ्ञसुत्ता’त आधीच सांगितली आहे. हे सुत्त आम्ही पुन्हा वाचले. त्यात आभस्सर लोकातून आलेले प्रकाशमान सत्त्व पृथ्वीचा रस चाखतात, त्यांचे तेज जाते, पुढे शेती, मालमत्ता, चोरी आणि दंड येतो. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले या दाव्याचा त्यात समाचार आहे आणि वर्ण हे माणसांच्या व्यवहारातून झाले, असे प्रतिपादन आहे. त्यात नैसर्गिक निवड नाही, आनुवंशिकता नाही, देवमाशाचे पूर्वज नाहीत. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजेच डार्विन, असे म्हणणेही ‘कारण’ या एका शब्दाच्या साम्यावर उभे आहे. धर्मकीर्तींनी सन्निवेशाला लावलेला निकष येथे आम्हालाही लागू होतो. विहारांतील रविवारच्या बालवर्गांना शासनाचा निरीक्षक येत नाही आणि न्यायालयही तेथे डोकावत नाही. त्या वर्गांत ‘अग्गञ्ञसुत्त’ अवश्य शिकवावे, वर्णाच्या चर्चेत शिकवावे. आणि इंडोह्यसचे चित्र दाखवायचे त्या दिवशी पाठ्यपुस्तक जीवशास्त्राचे असावे.