पीएक्सआर: एका ऐसपैस प्रथिनाचं रसग्रहण

कुपीत येतात जेमतेम काही मायक्रोग्रॅम, आणि लेबलवर पाच-सहा ओळी. मानवी पीएक्सआर, लायगंड बांधणारा भाग, ई. कोलायमध्ये बनवलेला, टोकाला हिस्टिडिनची शेपटी, उणे ८० अंशांवर ठेवावा, वारंवार गोठवू-वितळवू नये, फक्त संशोधनासाठी. प्रयोगशाळांना विकल्या जाणाऱ्या या मालाचं लेबल कुणी चवीनं वाचत नाही. मी वाचतो. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर टीबीच्या गोळ्या घेणाऱ्या बाईच्या यकृतात रोज सकाळी काय घडतं, ते या ओळींत दडलेलं आहे.

शेपटी ही निव्वळ सोय. हिस्टिडिन निकेलला चिकटतं, म्हणून जिवाणूंच्या हजारो प्रथिनांच्या गर्दीतून हवं तेवढं प्रथिन वेगळं काढता येतं. ‘लायगंड बांधणारा भाग’ हे शब्द मात्र थांबून वाचावेत असे; लायगंड म्हणजे प्रथिनाला येऊन चिकटणारं रसायन. पीएक्सआर हा परक्या रसायनांची चाहूल घेणारा रिसेप्टर; सबंध असतं तेव्हा हे प्रथिन ४३४ अमिनो आम्लांचं. त्याचं एक अंग डीएनएला धरतं, दुसरं बाहेरून आलेल्या रसायनाला. कुपीत बहुतेकदा हे दुसरं अंगच असतं. म्हणजे हे प्रथिन रसायन पकडेल, पण त्याची वर्दी जनुकापर्यंत पोचवू शकणार नाही. नवं औषध हा रिसेप्टर धरतो का, एवढंच तपासायचं असेल तर तेवढं पुरतं.

आणि धरणं हाच या प्रथिनाचा खरा विषय आहे. पीएक्सआर ज्या न्यूक्लियर रिसेप्टरांच्या घराण्यातला, त्यात माणसाची ४८ भावंडं. त्यातले बरेच सोवळे: इस्ट्रोजेनचा रिसेप्टर पाहा, रसायन बसतं तो त्याचा कप्पा सुमारे ४५० घन अँगस्ट्रॉमचा, इस्ट्रोजेनच्या अंगाबरोबर बेतलेला, म्हणजे जणू देवघर. पीएक्सआरची मात्र ओसरी आहे, येईल त्यानं टेकावं. २००१ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधकांनी त्याची स्फटिकरचना ‘सायन्स’मध्ये छापली. कप्पा निघाला १,१०० घन अँगस्ट्रॉमच्या पुढचा, जवळजवळ गोल, बहुतेक तेलकट स्वभावाच्या अमिनो आम्लांनी सारवलेला. पाण्याशी सख्य असलेली मोजकीच, तीही अंतराअंतरावर. सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीतलं हायपरफोरिन आत शिरलं की हाच कप्पा फुगून १,५०० पर्यंत जातो.

त्या रचनेतला एक तपशील मला फार आवडतो. कप्प्यात कोलेस्टेरॉल उतरवणारं एक प्रायोगिक रसायन बसवलं होतं, एसआर१२८१३. ते एका जागी एका पवित्र्यात सापडलंच नाही. तीन वेगवेगळ्या पवित्र्यांत सापडलं. पुढे जोडीला सहायक प्रथिनाचा एक तुकडा दिला, तेव्हा ते एका पवित्र्यात स्थिरावलं. रेण्वीय जीवशास्त्रात आपण काटेकोरपणाला दाद द्यायला शिकलेलो असतो. इथे सैलपणाच कामाचा. शरीराला उद्या कोणतं विष गिळावं लागेल हे आधी ठाऊक नसतं, तेव्हा पहाऱ्यावर बसवलेल्याला एकच चेहरा ओळखता येऊन कसं भागेल?

आता लेबलवरचा ‘मानवी’ हा शब्द. ही जाहिरातीची भर नव्हे. उंदरालाही पीएक्सआर असतो, १९९८ मध्ये आधी त्याचाच माग लागला. पण रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध समोर ठेवलं तर उंदराचा रिसेप्टर जवळपास ढिम्म राहतो आणि माणसाचा खडबडून जागा होतो. २००० साली उंदरांत मानवी रिसेप्टर घालून पाहिला, तर ते उंदीर रिफॅम्पिसिनला माणसासारखं उत्तर देऊ लागले. कप्प्याच्या भिंतीतली थोडीशी अमिनो आम्लं बदलली की एवढा फरक! उंदरावर निर्धोक ठरलेलं औषध माणसात दुसऱ्या औषधाचा घात करू शकतं ते यामुळेच.

रिफॅम्पिसिन म्हणजे टीबीच्या लालसर गोळीतलं मुख्य औषध, लघवीला नारिंगी रंग आणणारं. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून चाळीस किलो वजनाच्या बाईला रोज तीन गोळ्या मिळतात. त्यांत ४५० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन. ते फुप्फुसातल्या जंतूंना मारायला निघालेलं असतं, वाटेत यकृतातल्या पीएक्सआरच्या ओसरीवर बसतं. पीएक्सआर आपला जोडीदार आरएक्सआर सोबत घेऊन डीएनएवर उतरतो आणि सीवायपी३ए४ या विकराचं उत्पादन वाढवतो. हे विकर परकी रसायनं मोडतं. मोडताना त्याला आपलं-परकं कळत नाही.

त्या बाईच्या घरात माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट असेल तर? त्यातल्या २१ गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इथिनाइल इस्ट्राडिऑल. दोन्ही हार्मोनं पीएक्सआरच्याच घराण्यातल्या दोन सोवळ्या रिसेप्टरांकडे निघालेली, आणि पोचण्याआधीच निम्मी-अर्धी मोडलेली. गोळी चुकलेली नसते, तरी दिवस जातात. मग नवरा संशय घेतो, सासू बोलते, बाई निमूट ऐकते. तिच्या यकृतातल्या प्रथिनाचा इथे काही दोष नाही, ते आपलं काम चोख बजावतंय. दोष असलाच तर क्षयाच्या कार्डावर आणि कुटुंबनियोजनाच्या वहीत बाईची नोंद दोन वेगळ्या जागी होते, त्याचा. गावातल्या आशा कार्यकर्तीनं सांगायचं ते एका वाक्याचं: ताई, टीबीची औषधं चालू आहेत तोवर माला-एनवर विसंबू नका, तांबी बसवून घ्या.

लेबलवर नसलेली गोष्ट म्हणजे वेळ. कुपीतलं प्रथिन रसायनाला काही मिनिटांत धरतं. यकृतात विकराचा साठा पुरता वाढायला आठवडा-दोन आठवडे जातात, ओसरायलाही तेवढेच. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडकडची कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा गोळ्यांत खंड पडतो आणि विकर मागेपुढे होत राहतं. सहा महिन्यांचा कोर्स नीट पार पडला, तरी रिफॅम्पिसिन थांबल्यावर आणखी चार आठवडे गर्भनिरोधक गोळीच्या जोडीला दुसरं साधन वापरा, असा वैद्यकीय सल्ला असतो.