खेळण्याचा मुहूर्त

कोल्हापुरात कुठलीही वस्तू विकायची तर दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा कधी येतो, आणि आल्यावर तिथं किती दिवस टिकतो. मार्केट यार्डातल्या गूळवाल्याला हे कळतं. तो पाडव्याला मुहूर्ताचा सौदा काढतो. महाद्वार रोडवरच्या फेरीवाल्याला कळतं; तो आकाशकंदील दिवाळीआधी मांडतो, तुळशीच्या लग्नानंतर नव्हे. कळत नाही ते जपानातल्या सोनी कंपनीला, असं माझं नम्र मत आहे.

हे मत बनलं २०२० साली. चिरंजीव तेव्हा बारावीत होते आणि ‘प्लेस्टेशन ५’ या यंत्राखेरीज घरात दुसरा विषय नव्हता. अमेरिकेत आणि जपानात ते १२ नोव्हेंबरला आलं. लक्ष्मीपूजन १४ ला! म्हणजे मुहूर्त साधला होता की हो. फक्त आपल्यासाठी नव्हे. भारतात ते आलं २ फेब्रुवारी २०२१ ला. तोवर माझ्या बोनसमधून घरात फ्रिज आला होता, आणि उरलेला पैसा एका मेहुण्याच्या लग्नात आहेर होऊन निघून गेला होता.

किंमत ४९,९९० रुपये. पन्नास हजार म्हटलं तर माणूस दचकतो, म्हणून दहा रुपये कमी. मी वर्तमानपत्राच्या समासात हिशेब केला. अमेरिकेत ४९९ डॉलर, म्हणजे त्या वेळचे साडेछत्तीस हजार. “बाबा, सीमाशुल्क असतं, १८ टक्के जीएसटी असतो, आणि तिकडचा भाव विक्रीकर सोडून सांगतात,” चिरंजीवांनी कंपनीचं वकीलपत्र घेतलं. इतकं अर्थशास्त्र त्याला परीक्षेत आठवत नाही.

बरं, या मंडळींना किंमत आणि वेळ यांचं महत्त्व माहीत नाही म्हणावं, तर तसंही नाही. १९९५ च्या मे महिन्यात सेगा कंपनीनं ‘सॅटर्न’ हे यंत्र सप्टेंबरचा वायदा मोडून एकदम दुकानात आणलं. भाव ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीनं आपल्या पहिल्या प्लेस्टेशनचा भाव सांगितला, २९९. घाई करणाऱ्याजवळ खेळ थोडे आणि ज्यांना माल मिळाला नाही ते दुकानदार रुसलेले; सप्टेंबरात येणारा बाजार मारून गेला. पण हीच सोनी २००६ साली ‘प्लेस्टेशन ३’ घेऊन आली ती स्पर्धकाच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ नंतर वर्षभरानं, आणि वरच्या प्रतीचा भाव ५९९ डॉलर! गिऱ्हाईक रेंगाळलं. २००९ साली भाव २९९ वर आणला तेव्हा कुठं दुकानात गर्दी झाली. एकदा जिंकलेला पैलवान दुसऱ्या कुस्तीला तालीम न करता उतरतो, तशातली गत.

असो. नोंदणी जानेवारीत सुरू झाली आणि काही मिनिटांत संपली. आमच्या इंटरनेटवरचं गोल चक्र तेव्हा फिरतच होतं. मग मी गावातल्या एका दुकानात गेलो. मालकानं वहीत नाव लिहून घेतलं. “माल आला की फोन करतो, काका.”

परीक्षेचा गोंधळ झाला, निकाल लागला, चिरंजीव पुण्याला वसतिगृहात गेले. साठवलेल्या पैशांतून लॅपटॉप आला. कपाटात टीव्हीखाली यंत्रासाठी मोकळी ठेवलेली जागा सौभाग्यवतींनी लोणच्याच्या बरण्यांना दिली.

फोन आला २०२२ च्या नोव्हेंबरात. दोन वर्षांनी भाव उतरला असेल म्हणून विचारलं, तर ५४,९९०! जुनं होईल तसं महाग होणारं खेळणं मी प्रथमच पाहत होतो. पुण्याला फोन लावला. “राहू दे बाबा, आता वेळ कुठाय?” एवढंच तो म्हणाला. ज्यासाठी सतराव्या वर्षी जेवण सोडत होता, त्याचं नाव ऐकून त्यानं साधा भावही विचारला नाही.

मी दुकानदाराला सांगितलं, “ज्याला हवं होतं तो मोठा झाला.”

“मग तुम्ही खेळा की, काका!”

तेव्हापासून दर दिवाळीला मी त्या दुकानात जाऊन, उगीचच, भाव विचारून येतो.