'वेदनासंदेश' या संज्ञेविषयी

रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांचा 'वेदनेची यंत्रणा : एक नवा सिद्धान्त' हा निबंध १९६५ च्या नोव्हेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात मांडलेला विचार द्वारनियंत्रणाचा सिद्धान्त म्हणून ओळखला जातो. त्याचे शास्त्रीय मूल्यमापन तज्ज्ञांनी केलेच आहे. येथे केवळ त्याच्या परिभाषेचा विचार कर्तव्य आहे. कारण 'वेदनासंदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो' हे मराठीतील रूढ विधान, ज्या सिद्धान्ताच्या विवरणासाठी योजले जाते, त्याच्याच मुळावर येते.

देकार्तने सतराव्या शतकात रंगविलेल्या चित्रात विस्तवाजवळच्या पायापासून निघालेला धागा ओढला जातो आणि मस्तकात जणू घंटा वाजते. वेदना पायात उत्पन्न होते आणि वर पोचवली जाते, ही कल्पना त्यामागे आहे. मेलझॅक आणि वॉल यांनी या सरळ वाटेत मज्जारज्जूचा हस्तक्षेप दाखविला. पायाला ठेच लागली म्हणजे प्रथम झणकन् कळ येते आणि मागाहून ठणका लागतो. कळ आणणारे तंतू बारीक, पण काहीसे जलद असतात; ठणक्याचे तंतू त्याहून बारीक असून त्यांतील आवेगाची गती सेकंदाला सुमारे दोन मीटरांहून अधिक नसते. हे दोन्ही मज्जारज्जूच्या पृष्ठशृंगात पोचतात. स्पर्शाचे जाड तंतूही तेथे शाखा देतात. दुखरी जागा चोळली असता हे जाड तंतू तेथील लहान चेतापेशींच्या द्वारा पुढे जाणाऱ्या आवेगांना आवर घालतात. मेंदूही वरून असाच निरोध करू शकतो. मध्यमस्तिष्कातील विशिष्ट करड्या भागाला विद्युत्-उद्दीपन देऊन, रासायनिक भूल न देता उंदरांवर शस्त्रक्रिया करता येते, हे रेनॉल्ड्सने १९६९ मध्ये दाखविले.

मूळ आकृतीतील सर्व तपशील पुढील प्रयोगांत टिकले नाहीत; बारीक तंतू त्या निरोधक पेशींनाच दाबून टाकतात, हा भाग विशेषेकरून टिकला नाही. परंतु याहून मोठी मर्यादा 'द्वार' या रूपकाची आहे. द्वार उघडते वा मिटते. आतून जाणाऱ्याचे स्वरूप ते पालटीत नाही. इजेनंतर मज्जारज्जूची स्वतःची उद्दीपनक्षमताच वाढते, असे क्लिफर्ड वुल्फने १९८३ मध्ये दाखविले. अशा अवस्थेत साधा स्पर्शही दुःसह होऊ शकतो. मेंदूकडून उतरणारे मार्ग वेदना शमवितात तसे वाढवितातही. ही केवळ द्वारपालाची कामगिरी नव्हे.

आता मराठी संज्ञेकडे वळू. 'वेदना' हा शब्द 'विद्' धातूपासून आलेला असून जाणीव हा त्याचा मूलार्थ आहे. बौद्ध दर्शनात सुखाचीही गणना वेदनेतच होते. व्याकरणही हेच सुचविते. 'पाय दुखतो' यात पाय कर्ता आहे. पण 'मला वेदना होतात' यात अनुभवणाऱ्यास चतुर्थी लागते. कोणाला तरी होत नाही अशी वेदना मराठीत संभवत नाही. मग मज्जारज्जूतून चढणाऱ्या आवेगाला, तो कोणाच्याही जाणिवेत येण्यापूर्वीच, वेदनेचे नाव कसे द्यावे?

हा केवळ शब्दच्छल नव्हे. वेदना म्हणजे तंतूतून वाहणारी वस्तू असे एकदा मानले, की जिथे इजा सापडत नाही तिथे वेदनाही नाही, हा निष्कर्ष दूर राहत नाही. आणि रुग्णाचे बोलणे खोटे ठरते. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येच्या टिपणांत वेदना आणि अपायाचे चेतासंवेदन या भिन्न घटना मानल्या आहेत, आणि रुग्णाने स्वतः केलेल्या निवेदनाचा आदर राखावा असेही म्हटले आहे. स्वतः मेलझॅकने १९७५ मध्ये रुग्णांच्या शब्दांवर आधारलेली वेदना-प्रश्नावली प्रसिद्ध केली. कळ, चमक, ठणका, ठसठस, शूळ हे आपले शब्दही अशाच साक्षीचे आहेत.

म्हणून अध्यापनात तरी 'वेदनासंदेश' टाकून 'अपायसूचक आवेग' म्हणावे, असे सुचवावेसे वाटते. ही संज्ञा बोजड आहे, हे मान्य. परंतु सूचना असून वेदना नसणे आणि सूचना नसून वेदना असणे, या दोन्ही शक्यता ती मोकळ्या ठेवते. आणि परिभाषेकडून किमान एवढी अपेक्षा करणे गैर नव्हे.