एन्युमरेटेड टाइप आणि अंगभूत फंक्शने : प्राथमिक प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रस्तावना

प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या हाती दोन प्रकारची साधने लवकरच येतात. पहिले साधन म्हणजे अंगभूत फंक्शने. वर्गमूळ काढणे, अपूर्णांकाचा पूर्णांक करणे अशी कामे ती भाषेच्या वतीने करून देतात. दुसरे साधन म्हणजे एन्युमरेटेड टाइप. एखाद्या चलाला मोजक्याच किमती संभवत असतील, तर त्या किमतींची नावे क्रमाने सांगून प्रोग्रॅमरने स्वतः घडविलेला हा प्रकार होय. अध्यापनात ही दोन्ही साधने बहुधा एकमेकांपासून अलग ठेवली जातात. वस्तुतः एकाचे मर्म दुसऱ्यावाचून कळत नाही. प्रस्तुत लेखात हा संबंध मुख्यतः पास्कल आणि सी या भाषांच्या आधारे तपासला आहे.

पास्कलमधील मांडणी

निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेली पास्कल ही भाषा अध्यापनाचा हेतू समोर ठेवून रचली गेली. तीत रविवार ते शनिवार ही सात नावे देऊन 'वार' हा प्रकार घडविता येतो. त्यावर ऑर्ड, सक्स आणि प्रेड ही तीन अंगभूत फंक्शने चालतात. ऑर्ड हे यादीतील स्थान सांगते. रविवारचे स्थान शून्य, शनिवारचे सहा. सक्स पुढील किंमत देते, प्रेड मागील. हीच फंक्शने अक्षरांवर आणि पूर्णांकांवरही चालतात. त्यामुळे 'पुढचा' ही कल्पना संख्येपुरती नसून क्रम असलेल्या कोणत्याही यादीची आहे, हे विद्यार्थ्याला आपोआप उमगते.

शनिवारवर सक्स चालविल्यास मात्र ती चूक ठरते, कारण यादीत पुढे काही नाही. शनिवारनंतर पुन्हा रविवार येतो, हे ज्ञान व्यवहारातील आहे, यादीतील नाही. ते प्रोग्रॅममध्ये अट घालून सांगावे लागते. भाषेने दिलेला हा नकार म्हणजेच येथे खरा पाठ होय.

सीमधील मांडणी

सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकी प्रमाणात एन्युमरेटेड टाइप आहे; पण त्यातील नावे मुळात पूर्णांकच असतात. शनिवारमध्ये एक मिळविल्यास सात हे उत्तर मिळते आणि ते 'वार' प्रकारच्या चलात ठेवण्यास भाषेची हरकत नसते. इतकेच नव्हे, तर शनिवारचे वर्गमूळही काढता येते. ते सुमारे २.४४९ येते! पास्कलमध्ये हा प्रोग्रॅम भाषांतराच्या टप्प्यावरच अडतो. सीमधून हा विषय शिकविताना 'एन्युमरेटेड टाइप म्हणजे संख्यांना दिलेली नावे' एवढेच सांगितले, तर विद्यार्थ्याला वाचनसुलभता मिळते, संरक्षण मिळत नाही. ते मिळाले असा त्याचा समज होणे अधिक घातक.

आक्षेपांचा विचार

पास्कलची बाजूही निर्दोष नाही. प्रमाण पास्कलमध्ये वाराचे नाव थेट छापता येत नाही. त्यासाठी सात पर्यायांची वेगळी रचना लिहावी लागते. ब्रायन कर्निघन यांनी १९८१ मधील आपल्या प्रसिद्ध टीकालेखात मूळ पास्कल शिकविण्यास योग्य, पण प्रत्यक्ष कामास अपुरी ठरविली. त्याहून वजनदार साक्ष खुद्द विर्थ यांची आहे. १९८८ मध्ये ओबेरॉन भाषेचे विवेचन करताना त्यांनी एन्युमरेटेड टाइप वगळल्याचे सांगितले. अशा प्रकारांचा सुकाळ झाला की प्रोग्रॅम स्पष्ट न होता पाल्हाळिक होतो आणि एका मॉड्यूलमधील यादी दुसऱ्यात वाढविता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद मोठ्या, अनेक मॉड्यूलांच्या रचनांना लागू पडतो. नवशिक्याचा प्रोग्रॅम मात्र एका पानाचा असतो. पुढील इतिहासही बोलका आहे. जावाने २००४ मध्ये, सी++ ने २०११ मध्ये अधिक कडक स्वरूपात आणि पायथनने २०१४ मध्ये आपल्या प्रमाण लायब्ररीतून हे साधन स्वीकारले. जावा आणि पायथनमध्ये नाव छापण्याची जुनी अडचणही उरली नाही.

अध्यापनातील क्रम

'लायब्ररी फंक्शन न वापरता शब्दाची लांबी काढा' हा प्रात्यक्षिकातील परिचित प्रश्न आहे. फंक्शनच्या आत काय घडते हे कळण्यास तो उपयुक्त आहे. परंतु सर्वच सराव असा असेल, तर तयार साधन वापरणे ही पळवाट आहे असा संस्कार होतो. आधी वापर, मग मर्यादांची तपासणी आणि शेवटी स्वतः रचना, हा क्रम अधिक सयुक्तिक ठरतो. ट्रंक आणि राउंड ही पास्कलची फंक्शने ३.७ चे अनुक्रमे ३ आणि ४ करतात, उणे ३.७ चे उणे ३ आणि उणे ४. हा फरक आधी वहीत वर्तवून मग संगणकावर पडताळला, तर तयार फंक्शनही विचाराला चालना देते.

निष्कर्ष

दोन्ही साधनांना एकच प्रश्न विचारावयाचा आहे : हे काय स्वीकारते आणि काय नाकारते? एन्युमरेटेड टाइप किमतींची मर्यादा सांगतो, अंगभूत फंक्शन त्या मर्यादेची कसोटी घेते. सीसारखी उदार भाषा अभ्यासक्रमात असल्यास ही कसोटी शिक्षकाने स्वतः घडवून आणली पाहिजे. त्यासाठी शनिवारचे वर्गमूळ फळ्यावर काढून दाखविणे पुरेसे आहे.