कृष्णधवल छायाचित्राची डिजिटल प्रत आणि छटांचे सातत्य : रॉबर्ट गिल यांच्या लेणी-छायाचित्रांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्यांनी रंगविलेल्या बहुतांश प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. मात्र त्यांची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात १८६४ मध्येच प्रसिद्ध झाली होती. देवगाव फाट्याच्या परिसरातील अभ्यासकाला वेरूळ-अजिंठा गाठता येते. गिल यांच्या मूळ छायाचित्रांऐवजी मात्र बहुधा संगणकावरील प्रतच पाहावी लागते. म्हणून या प्रतीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो.

विवेचन :
लेण्याच्या छायाचित्राचे सौंदर्य उजेडाच्या उतारात असते. दारातील प्रकाश खांबांवरून ओसरत गाभाऱ्यातील काळोखात विरतो. हा उतार अखंड दिसावा, यासाठी पुरेशा करड्या छटा लागतात. ८ बिटच्या कृष्णधवल प्रतीत २५६, तर १६ बिटच्या प्रतीत ६५,५३६ पायऱ्या नोंदविता येतात. केवळ पाहण्यासाठी २५६ पायऱ्या सामान्यतः पुरतात. दोष उद्भवतो तो दुरुस्तीच्या वेळी. जुनी अल्ब्युमेन छायाचित्रे फिकट होतात. समजा, अशा छायाचित्राने छटापटाचा निम्माच भाग व्यापला, तर ८ बिटमध्ये १२८ पायऱ्याच हाती येतात. त्या पूर्ण पटावर ताणल्या की मध्ये रिकाम्या जागा पडतात आणि सावलीच्या उतारावर पट्टे उमटतात. १६ बिटमध्ये निम्म्या पटातही ३२,७६८ पायऱ्या असल्याने हा धोका जवळजवळ राहत नाही. ८ बिटची प्रत मागाहून १६ बिटमध्ये रूपांतरित केली, तरी हरवलेल्या छटा परत येत नाहीत. सूक्ष्म कण मिसळून पट्टे झाकता येतात. परंतु ते झाकणेच होय.

तथापि प्रत्येक उणीव डिजिटल प्रतीच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. त्या काळच्या कलोडियन काचा प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. त्यामुळे भित्तिचित्रांतील तांबड्या-पिवळ्या रंगांना त्या गडद करीत. हा काळोख मूळचाच आहे. तो कितीही बिट वापरले तरी उजळणार नाही. काचेची मर्यादा, कागदाचा ऱ्हास आणि प्रतीचा दोष या तीन गोष्टी वेगळ्या न करता ‘गिल यांना सावली हाताळता आली नाही’ असा निर्णय देणारी समीक्षा छायाचित्राची नसून फाइलची समीक्षा ठरते.

निष्कर्ष :
ग्रंथालयांत स्कॅनिंगचे काम देताना डीपीआय किती, हे आवर्जून विचारले जाते. बिट डेप्थ मात्र क्वचितच. जतनाची प्रत १६ बिटमध्ये, दुरुस्ती न करता टिफ स्वरूपात ठेवावी आणि वाचकांसाठी तिच्यावरून ८ बिटची जेपीईजी प्रत काढावी. प्रतीवर झालेल्या संस्कारांची नोंदही सोबत असावी. गिल यांच्या रंगीत प्रतिकृती आगीने नेल्या. छायाचित्रांतील सावल्या निष्काळजी नकलेने जाऊ नयेत.