चौकटीबाहेरचे नंदनवन

जगाचा जुना नकाशा हा पाहण्याइतकाच वाचण्याचाही विषय आहे. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये इ. स. १३०० च्या सुमारास वासराच्या एका अखंड कातड्यावर रेखाटलेला नकाशा आहे. पूर्व दिशा वर, तेथे एदेन बाग आणि ऐन मध्यावर येरुशलेम. युरोप व आफ्रिका ही सोनेरी अक्षरांतली नावे चक्क एकमेकांच्या जागी पडली आहेत! पण ज्याला तारणाचा इतिहास सांगायचा आहे, त्याचे एवढ्याने काय अडणार?

दीडशे वर्षांनंतरच्या दुसऱ्या नकाशापुढे मात्र आम्ही अधिक रेंगाळतो. व्हेनिसनजीकच्या सान मिकेले बेटावरील मठात फ्रा माउरो या कामाल्डोली ब्रदरने तो सिद्ध केला. व्यास सुमारे दोन मीटर, दक्षिण वर आणि जवळजवळ तीन हजार नोंदी. त्याचे खरे वैभव या नोंदींत आहे. हिंदी महासागर चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे, असे टॉलेमीचे मत. फ्रा माउरो तो समुद्र मोकळा करतो. थोर आचार्याला आपण अनुसरत नाही याबद्दल क्षमायाचना करतो आणि प्रत्यक्ष प्रवास केलेल्यांच्या साक्षीवर भिस्त ठेवतो. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आणि एदेन बाग? ती त्याने पृथ्वीच्या वर्तुळाबाहेर, डाव्या कोपऱ्यात, स्वतंत्र चित्र म्हणून ठेवली. येथे श्रद्धेला ओहोटी लागली असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. बाग पुसलेली नाही, ती मन लावून रंगवून घेतली आहे. ज्या किनाऱ्यावर कोणी खलाशी उतरला नाही, तो किनारा तिला बहाल करण्याचे तेवढे या ब्रदरने नाकारले. श्रद्धेच्या नावावर भूगोल खपवायचा नाही, ही सचोटी आम्हांला मोठी वाटते.

येरुशलेमपाशी मात्र त्याचा हात कचरतो. ते मध्यापासून सरकल्यावर तो म्हणतो की युरोपात लोकवस्ती दाट, म्हणून वस्तीच्या हिशेबाने तेच केंद्र. ही आम्हांला पळवाट वाटते. आपल्या भारताचा आकारही त्यात ओळखू येत नाही, मार्को पोलो आणि निकोलो दे कोंती यांची वर्णने हाताशी असूनही!

मूळ नकाशा व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात आहे. पिएरो फाल्केता यांनी २००६ साली त्यातील सर्व नोंदी इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केल्या. चित्राकडे वळण्याआधी वाचकांनी त्या वाचाव्यात, असे आम्ही सुचवू.